चार पर्वतांच्या आतलं जग

मे 1868 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरच्या छावणीत जनरल शर्मन यांच्यासमोर नावाहो या मूळनिवासी जमातीचे पुढारी बार्बोन्सितो बोलायला उभे राहिले. 1864 पासून अमेरिकी सैन्याने आठ हजारांहून अधिक नावाहोंना शेकडो किलोमीटर पायी चालवत आणून इथे डांबलं होतं. पिकं बुडाली होती, पाणी खारट होतं, माणसं मरत होती. शर्मन यांनी पूर्वेकडच्या इंडियन टेरिटरीत जमीन देऊ केली. ती नाकारताना बार्बोन्सितोंनी थेट उत्पत्तिकथेचा आधार घेतला: आम्ही निर्माण झालो तेव्हाच चार पर्वत आणि चार नद्या दाखवून, यांच्या आत राहा, असं आम्हाला सांगितलं गेलं. 1 जूनला करार झाला आणि लोक आपल्या भूमीच्या एका भागात परतले. पुढच्या दीडशे वर्षांत या कथेतल्या प्रतीकांवर पुष्कळ लिहिलं गेलं, पण तिचा अर्थ त्या बोलण्याइतका स्वच्छ क्वचितच मांडला गेला. ही प्रतीकं म्हणजे सोडवायची कोडी नव्हेत. ती माणसाला विशिष्ट जागेशी आणि तिथल्या जबाबदारीशी बांधतात.

लष्करी डॉक्टर वॉशिंग्टन मॅथ्यूज यांनी 1897 साली ही कथा ग्रंथरूपात आणली. माणसांचे पूर्वज एकेका खालच्या जगात भांडतात, मर्यादा ओलांडतात, हाकलले जातात. अखेर पूर येतो आणि ते वर निघतात. मग पर्वत बसवले जातात. पूर्वेचा विजेने जखडून शुभ्र शिंपल्यांनी सजवतात, दक्षिणेचा दगडी सुरीने रोवून फिरोजाने मढवतात. पश्चिमेच्या वाट्याला सूर्यकिरण, उत्तरेच्या वाट्याला इंद्रधनुष्य. अभ्यासकांनी यातून दिशा आणि रंगांचे तक्ते केले. तक्ते चुकीचे नाहीत, पण पर्वत जखडावे का लागतात, हे ते सांगत नाहीत. मागची जगं मोडली होती, म्हणून या जगाची घडी मुद्दाम बसवावी लागते आणि पुढे सांभाळावीही लागते. पुढे याच कथेत राक्षसांचा संहार करणारा वीर शेवटी म्हातारपण, थंडी, दारिद्र्य आणि भूक यांना मारायला निघतो, तेव्हा प्रत्येक जण आपली बाजू मांडतो. मी गेले तर मुलं मोठी होऊन जागा कोण घेणार, असं म्हातारपण विचारतं. भूक गेली तर रांधण्यात आणि शिकारीत गोडी उरणार नाही. वीर त्यांना सोडून देतो. दुःखाला जगाच्या व्यवस्थेत जागा देणारा इतका समंजस प्रसंग फार थोड्या पुराणांत सापडेल.

या उत्पत्तिकथेवरचा भाषाशास्त्राचा आक्षेप ठाऊक आहे. नावाहोंच्या भाषेचे आप्त कॅनडा आणि अलास्कात आहेत. मका, विणकाम शेजारच्या प्यूब्लो लोकांकडून आलं. मग इथेच भूमीतून वर आलो, हे खरं कसं? पण कथा रक्तशुद्धीचा दावा करतच नाही. बाहेरून आलेले गट, प्यूब्लोही, सामावून घेत कुळं कशी वाढली, हे तीच तपशीलवार सांगते. पाठभेदांचा आक्षेपही तसाच. मॅथ्यूज यांच्या पाठात आजचं जग पाचवं, इतर पाठांत चौथं. विधी चालवणारा गायक त्या विधीला लागेल तो भाग सांगतो. आकडा हलतो, दिशांचा क्रम हलत नाही.

जतनाचा प्रश्न मात्र अवघड आहे. विधीत जमिनीवर रेतीची चित्रं काढतात, रुग्णाला त्यावर बसवतात आणि काम झालं की चित्र पुसतात. होस्टीन क्लाह या गायक-विणकराने ती गालिच्यांवर विणली तेव्हा लोक धास्तावले. पण ज्ञान नष्ट होईल ही क्लाह यांची भीती खरी होती, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. त्यांच्या सहकार्याने मेरी व्हीलराइट यांनी 1937 मध्ये सांता फेत संग्रहालय उभारलं. त्याच संग्रहालयाने 1977 मध्ये विधींची पवित्र गाठोडी नावाहो कम्युनिटी कॉलेजकडे परत केली, हा मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

न्यायालयाला ते शहाणपण साधलं नाही. पश्चिमेचा पर्वत म्हणजे अॅरिझोनातली सॅन फ्रान्सिस्को शिखरं. तिथल्या स्की केंद्राला प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यापासून बर्फ करू द्यावा का, यावर नावाहो आणि इतर जमाती लढल्या. 2008 मध्ये अपील न्यायालयाने, यामुळे श्रद्धाळूंच्या भावना दुखावतील, पण धर्माचरण अडत नाही, असं ठरवलं. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाद दिली नाही. 1868 मध्ये ज्या कथेच्या आधारे भूमी मागितली गेली, तिला इथे मनातल्या भावनेपलीकडे किंमत मिळाली नाही. हा निकाल चुकीचा होता.