ई-मेल : पेटी आपली, किल्लीही आपलीच हवी



गट ऑफिसात कुणालाही त्याचा ई-मेल विचारला, की ठरलेली उत्तरे मिळतात. “पोरगं पुण्याला आहे, त्याच्या फोनात येतो.” नाहीतर, “सेवा केंद्रवाल्यानं काढून दिला, त्यालाच ठावं.” ऊस आपला, शेअर्स आपले, सातबारा आपला, आणि पत्रपेटीची किल्ली मात्र परक्याच्या खिशात! नांदेड-लातूर भागातल्या आपल्या सभासदांनी ही गोष्ट मनावर घ्यावी, म्हणून हा लेख आम्ही देत आहोत.

ई-मेल म्हणजे दुसरे-तिसरे काही नसून पत्रच होय. फरक एवढाच, की ते तारेवरून व हवेतून जाते आणि बहुधा काही क्षणांत पोचते. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन या इंजिनियरने एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर असे पत्र धाडले. पत्त्यात इंग्रजी ‘ए’भोवती वेढा असलेली जी ‘ॲट’ची खूण असते, ती त्यानेच निवडली. खुणेच्या अलीकडे आपले नाव, पलीकडे पेटी सांभाळणाऱ्याचे नाव. म्हणजे गाव आणि पोस्ट, असे समजा. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

हे शेतकऱ्याचे काम नव्हे, असे कुणी म्हणेल. त्यांनी वारणानगरकडे पाहावे. कोल्हापूर-सांगली भागातल्या सुमारे ७० गावांत १९९८ साली सहकारातूनच संगणक बसवले गेले. शेतकरी तिथे येऊन विचारत ते मुख्यतः आपल्याच उसाचा हिशेब. पुढे काही गावांत तीच माहिती मोबाइलच्या संदेशावर देण्याचा प्रयोग झाला. यंत्र बदलले, गरज तीच राहिली : आपला हिशेब आपल्याला कळावा.

आता शिकायचे कसे ते पाहू. फोनमधील मेलचे ॲप उघडले की आलेली पत्रे एकाखाली एक दिसतात. नवे पत्र लिहायला पेन्सिलीच्या चित्रावर बोट ठेवावे. पहिल्या ओळीत ज्याला धाडायचे त्याचा पत्ता. त्यात एक अक्षर चुकले तरी पत्र परत येते किंवा भलत्याकडेच जाते. ‘सीसी’ म्हणजे कार्बन कागद घालून काढलेली प्रत, ती आणखी कुणाला द्यायची असल्यास तिथे त्याचा पत्ता घालावा. ‘सब्जेक्ट’ म्हणजे अर्जावरचा ‘विषय’. तो कोरा ठेवू नये. ‘ऊस नोंदीत गट नंबर दुरुस्त करणेबाबत’ असे स्वच्छ लिहावे. खाली मजकूर. टायपिंग जमत नसेल तर कीबोर्डवरील माइकच्या चित्रावर बोट ठेवून मराठीत बोलावे, अक्षरे आपोआप उमटतात. मात्र आकडे एकदा वाचून घ्यावेत. वजनपावतीचा फोटो जोडायला कागदाच्या टाचणीचे चित्र असते. शेवटी बाणावर बोट ठेवले, की पत्र गेलेच म्हणून समजा.

गेलेल्या पत्राची प्रत ‘सेंट’मध्ये तारीख-वेळेसह राहते. खरी कमाई इथेच आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे, लेखी करार वेगळा नसेल तर ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत किंमत द्यावी लागते व उशिराला वार्षिक १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. दिवसांच्या अशा हिशेबात तोंडी बोलणे टिकत नाही, तारखेचे पत्र टिकते. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदींना कायदेशीर मान्यता दिलेली आहे. तरीही जिथे सहीचा कागद मागतात तिथे तो द्यावाच लागेल.

आता किल्लीचे. किल्ली म्हणजे पासवर्ड. खाते दुसऱ्याने काढून दिले असेल तर त्यात नंबर कुणाचा टाकला ते आधी पाहा. पासवर्ड विसरला की नवा काढण्याची खूण त्याच नंबरावर जाते. नंबर केंद्रवाल्याचा असेल तर पेटी त्याचीच झाली! तेव्हा लेकरांना जवळ बसवा, आपला चालू नंबर घाला, पासवर्ड नवा करा आणि वहीत लिहून पेटीत कुलूपबंद ठेवा. सिम बदलले तर खात्यातही नंबर बदलावा. जीमेलचे खाते दोन वर्षे उघडलेच नाही तर गूगल ते काढून टाकू शकते. म्हणून महिन्याकाठी एकदा तरी उघडावे.

एक सावधगिरी सांगून ठेवतो. ‘तुमचे अनुदान अडकले आहे, इथे बोट ठेवा’ अशी पत्रे येतात. नावावर जाऊ नका, धाडणाऱ्याचा पूर्ण पत्ता उघडून बघा. बँक ओटीपी किंवा पिन मागत नसते. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या नंबरावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हाताबाहेर.

पाळी देणे, बेणे निवडणे आपण पाहून-करूनच शिकलो. हेही तसेच आहे. या आठवड्यात एक पत्र पोराला किंवा पोरीला धाडा आणि त्याचे उत्तर मागवा. दुसरे पत्र मात्र कुणाच्या मदतीवाचून लिहा. आपल्या घरातल्या बाईमाणसांनाही हे शिकवावे. पुष्कळ ठिकाणी शेअर त्यांच्या नावे आहे, मग पत्रही त्यांनाच वाचता आले पाहिजे.