वेबसाइटला दुकान जोडताना

“आमची वेबसाइट आहे हो!” असं हल्ली बचत गटातल्या बायकाही अभिमानानं सांगतात. उघडून पाहावं तर गटाचा फोटो, वस्तूंची यादी आणि खाली फोन नंबर. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 7 मार्च 2016 रोजी ‘महिला ई-हाट’ सुरू केलं, तेव्हा तिथंही विकणारीशी थेट संपर्क साधायची सोय होती. सोय चांगलीच. पण रात्री अकरा वाजता मुंबईच्या एखाद्या बाईला वस्तू आवडली, की तिला तेव्हाच पैसे भरून मोकळं व्हायचं असतं. सकाळी फोन करेपर्यंत विचार बदलतो. म्हणून वेबसाइटला दुकान जोडायचं.

आमच्या कोल्हापुरात अशा दुकानाचा विषय निघाला, की आधी आठवते चप्पल. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांचं मिळून आहे. जून 2025 मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या शोमध्ये अगदी तशीच चप्पल दाखवली, तीही कोल्हापूरचं नाव न घेता. केवढा गदारोळ झाला! मग कंपनीला भारतीय कारागिरीचं ऋण मान्य करावं लागलं. त्यानंतर लिडकॉम या राज्याच्या चर्मोद्योग महामंडळानं चपलेसाठी क्यूआर कोडची योजना पुढं आणली. मोबाइल धरला की चप्पल कुणी केली, कुठं केली हे कळावं, हा त्यामागचा हेतू. ही माहिती ज्या साठ्यातून येते, तो डेटाबेस.

एकच खतावणी

डेटाबेस म्हटल्यावर घाबरू नका. ती आपली खतावणीच, फक्त कॉम्प्युटरमधली. एका वहीत कारागीर, दुसरीत वस्तू आणि प्रत्येक वस्तूला एक क्रमांक. वेबसाइटवरची यादी याच वह्यांतून दिसत असते. दुकान जोडताना पुष्कळजण वस्तूंची आणखी एक वेगळी वही काढतात आणि तिथंच घोळ होतो. एकीकडे किंमत वाढते, दुसरीकडे जुनीच राहते. म्हणून दुकानानं जुनीच यादी वाचावी. तिच्यात माप आणि शिल्लक असे रकाने वाढवावेत. नव्या वह्या हव्यात त्या गिऱ्हाइकांच्या आणि ऑर्डरींच्या. ऑर्डरीत त्या दिवशीची किंमत मात्र लिहून ठेवायची, नाहीतर पुढं भाव वाढला की जुनी बिलंही बदललेली दिसतील.

हातानं केलेल्या मालाला शिल्लक फार सांभाळावी लागते. सात नंबरची कापशी एकच जोड उरली आहे आणि दोघी एकाच वेळी घेऊ पाहताहेत, तर काय? पहिली पैसे भरायला गेली की तो जोड काही मिनिटं बाजूला ठेवायचा. पैसे आले नाहीत तर परत यादीत. हे काम कॉम्प्युटर करतो. पण प्रदर्शनात हातोहात विकलेला जोड त्याला कसा कळणार? तो त्याच वेळी यादीतून कमी करायची जबाबदारी गटातल्या एकीनं घ्यायला हवी.

पैसे आणि नियम

पैसे घ्यायला पेमेंट गेटवे असतो, म्हणजे बँकेपर्यंत नेणारा मध्यस्थ. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही. बरंच आहे, तेवढी जोखीम टळली. गिऱ्हाइकानं पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर मात्र विसंबू नका. गेटवेकडून खात्री आली तरच ऑर्डर पक्की. शिवाय 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे आपलं नाव, पत्ता, माल परत घेण्याच्या अटी आणि तक्रार ऐकणाऱ्या व्यक्तीचं नाव द्यावं लागतं. तक्रार पोचल्याचं 48 तासांत कळवायचं आणि महिन्याभरात ती सोडवायची.

कारागीर कोण?

आता सगळ्यात महत्त्वाचं. चपलेचा धंदा करणाऱ्या कितीतरी घरांत वेणी गुंफणं, शिवणं ही नाजूक कामं बायकाच करतात. पण ‘कारागीर’ या रकान्यात नाव कुणाचं असतं? बहुधा नवऱ्याचं, नाहीतर दुकानदाराचं. नुसती यादी होती तोवर हे चालून गेलं. दुकान जोडलं की प्रत्येक ऑर्डर त्या नावावर चढते आणि पैसे त्याच नावाच्या खात्यात जातात. महिन्याचा हिशेब काढला की कुणाच्या हातांनी किती कमावलं ते कागदावर येतं. उद्या कर्जासाठी बँकेत गेल्यावर तोच कागद उपयोगी पडेल. परक्या कंपनीनं आपलं नाव घेतलं नाही म्हणून आपण चिडलो, ते योग्यच होतं. मग आपल्याच यादीत आपल्या बाईचं नाव नको का?

तेव्हा मैत्रिणींनो, दुकान जोडण्याआधी तो रकाना एकदा एकत्र बसून वाचा. जी काम करते तिचं नाव आणि तिचंच बँक खाते घाला. जुन्या डेटाबेसची पूर्ण नक्कल काढून ठेवा, आधी त्या नकलेवर दुकान चालवून पाहा आणि पहिल्यांदा दहाच वस्तू मांडा. बटण बसवणारा मुलगा दोन दिवसांत त्याचं काम करून जाईल. यादी खरी ठेवणं मात्र आपलं रोजचं काम आहे, आणि हिशेब ठेवायची सवय आपल्या हाताला आहेच.