जुन्या तक्रारींचे काय करावे?

एस.टी. स्थानकावर ठेवलेले तक्रार पुस्तक तुम्ही पाहिले असेल. एखादा प्रवासी त्यात लिहितो, 'पिण्याच्या पाण्याचा नळ बंद आहे.' खाली तारीख घालतो, सही करतो आणि आपल्या गावाला निघून जातो. पुढे काय व्हायला हवे? नळ दुरुस्त झाला, तर पुस्तकात तशी नोंद व्हायला हवी. दुरुस्त होणार नसेल, तर त्याचे कारण लिहायला हवे. पण कोणी काहीच लिहिले नाही, तर तक्रार तशीच पडून राहते. पानांमागून पाने भरत जातात. दोन-तीन वर्षांनी कोणी ते पुस्तक उघडले, तर कोणता नळ अजून बंद आहे आणि कोणता केव्हाच सुरू झाला, हे त्याला कळत नाही.

आज आपण अशाच एका तक्रार पुस्तकाची माहिती घेऊ. ते कागदाचे नाही, संगणकातले आहे.

संगणकाने कोणते काम कसे करायचे, हे सांगणाऱ्या सूचनांना सॉफ्टवेअर म्हणतात. अनेक कंपन्या या सूचना गुप्त ठेवतात. पण काही सॉफ्टवेअरच्या सूचना सर्वांसाठी खुल्या असतात. कोणीही त्या वाचू शकतो, त्यांत सुधारणा करू शकतो आणि त्या दुसऱ्यांना देऊ शकतो. अशा सॉफ्टवेअरला 'ओपन सोर्स' किंवा 'मुक्त स्रोत' सॉफ्टवेअर म्हणतात. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेले 'लिनक्स' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तुमच्या घरात अँड्रॉइड फोन असेल, तर त्याचा गाभाही लिनक्सचाच आहे.

'फायरफॉक्स' हे दुसरे उदाहरण. इंटरनेटवरील पाने पाहण्यासाठी त्याचा उपयोग होतो. १९९८ साली नेटस्केप या अमेरिकन कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरच्या सूचना जगासाठी खुल्या केल्या. त्यातून 'मोझिला' हा प्रकल्प सुरू झाला आणि पुढे २००४ साली फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली. सॉफ्टवेअरमधील दोषाला इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा म्हणतात. म्हणून मोझिलाच्या तक्रार पुस्तकाला 'बगझिला' असे गमतीदार नाव मिळाले. जगातील कोणीही त्यात तक्रार लिहू शकतो. प्रत्येक तक्रारीला स्वतंत्र क्रमांक मिळतो. तक्रार निकालात निघेपर्यंत ती 'उघडी' समजली जाते.

आता अडचण कोठे येते ते पाहा. लिहिणारे हजारो असतात, पण दुरुस्ती करणारे थोडे. त्यांतील बरेच जण आपली नोकरी किंवा अभ्यास सांभाळून हे काम करतात. रोज नव्या तक्रारी येतात आणि जुन्या खाली दबत जातात. काही वर्षांत उघड्या तक्रारींचा डोंगर उभा राहतो. त्यांतील काही दोष केव्हाच गेलेले असतात. काही तक्रारी दोन-तीन वेळा लिहिलेल्या असतात. काही मात्र खऱ्या आणि महत्त्वाच्या असतात, पण त्या गर्दीत दिसत नाहीत.

तक्रार लिहिणाऱ्याला काय वाटत असेल, याचाही विचार करा. त्याने वेळ काढून दोष नीट लिहिलेला असतो. उत्तर आले नाही, तर तो तेच पुन्हा लिहितो आणि शेवटी चिडून लिहितो. उर्दूत आपण जिला 'शिकायत' म्हणतो, तिला मराठीत 'तक्रार' म्हणतात. उर्दूतील 'तकरार' म्हणजे मात्र तेच तेच पुन्हा बोलणे किंवा भांडण. तक्रारीला उत्तर मिळाले नाही, की तिची तकरार व्हायला वेळ लागत नाही!

मग सगळ्या जुन्या तक्रारी एकदम बंद करून टाकाव्यात का? काही प्रकल्पांनी हाच सोपा मार्ग धरला. त्यांनी हे काम यंत्रालाच सांगितले. अशा एका यंत्रणेचा ठरलेला नियम असा आहे : एखाद्या तक्रारीवर ६० दिवस कोणी काही लिहिले नाही, तर तिला 'शिळी' असे चिन्ह लावायचे. पुढे ७ दिवस कोणी काही बोलले नाही, तर ती बंद करायची. त्यामुळे यादी स्वच्छ दिसते. पण तक्रार करणारा गप्प बसला, म्हणजे दोष गेला असे नाही. नळाविषयी कोणी बोलत नाही, म्हणून त्याला पाणी येत नाही.

फायरफॉक्सचेच एक उदाहरण घ्या. पडद्यावरील एखाद्या चित्रावर बाण नेला, की त्याची माहिती सांगणारी लहानशी चौकट दिसते. बाण हलवला, की ती नाहीशी होते. पण कधी कधी आपण कळफलक वापरून दुसऱ्या कामाकडे वळलो, तरी ती चौकट जात नसे. ती दुसऱ्या कामावर तशीच चिकटून राही. ही तक्रार २००२ साली नोंदवली गेली आणि दोष दुरुस्त झाला २०२३ साली! एकवीस वर्षे ती तक्रार उघडी होती. ६० दिवसांच्या नियमाने ती बंद झाली असती, तर चौकट चिकटतच राहिली असती आणि तिची जुनी हकिकत बंद तक्रारींच्या ढिगात गेली असती.

तेव्हा तक्रार नुसती पडू देणे बरे नाही आणि न वाचता बंद करणेही बरे नाही. चांगले प्रकल्प जुन्या तक्रारी थोड्या थोड्या करून हातात घेतात. प्रथम तक्रार पूर्ण वाचतात. मग आजच्या आवृत्तीत तो दोष दिसतो का, ते स्वतः करून पाहतात. माहिती अपुरी असेल, तर तक्रारदाराला विचारतात आणि उत्तरासाठी पुरेसा वेळ देतात. नंतर निकाल लिहितात : 'दोष दुरुस्त झाला', 'ही तक्रार आधीच नोंदवलेली आहे', 'आम्हांला हा दोष आढळला नाही' किंवा 'हा बदल आम्ही करणार नाही'. शेवटचा निकाल कडू असतो, पण कारण दिले तर माणूस तो समजून घेतो. जी तक्रार खरी ठरते, ती उघडीच ठेवतात. ती सोपी असेल, तर नव्या मदतनिसांसाठी तिच्यावर खूण करतात.

'फेडोरा' नावाच्या प्रकल्पाची पद्धत पाहण्यासारखी आहे. त्याच्या प्रत्येक आवृत्तीची देखभाल सुमारे तेरा महिने होते. मुदत संपण्यापूर्वी त्या आवृत्तीच्या उघड्या तक्रारींवर सूचना लावतात : नव्या आवृत्तीतही दोष दिसत असेल तर तसे कळवा, नाहीतर ही तक्रार बंद होईल. येथेही यंत्रच काम करते, पण बंद करण्याचे कारण आणि मुदत तक्रारदाराला आधी समजते.

'उबुंटू' या प्रकल्पाची पहिली तक्रार तर मजेदार होती. ती त्याचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनीच २००४ साली लिहिली. बाजारात मायक्रोसॉफ्ट कंपनीचा वाटा सर्वांत मोठा आहे, हाच दोष, असे तीत म्हटले होते! २०१३ साली त्यांनी ती स्वतः बंद केली. फोन आणि टॅब्लेट आल्यामुळे परिस्थिती बदलली आहे, असे कारण त्यांनी दिले. या बदलात आपला वाटा लहान आहे, हेही मान्य केले. नऊ वर्षांची तक्रार त्यांनी कारण सांगून बंद केली.

मित्रांनो, या कामात तुम्हीही मदत करू शकता. समजा, एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उर्दू मजकूर वाचताना नस्तालिक अक्षरांचा वरचा भाग कापलेला दिसला. तर केवळ 'उर्दू नीट दिसत नाही' एवढेच लिहू नका. कोणता फोन, कोणती आवृत्ती, तुम्ही काय केले, काय दिसले आणि काय दिसायला हवे होते, हे क्रमाने लिहा. त्याआधी तीच तक्रार कोणी लिहिली आहे का, ते शोधा. जुनी तक्रार सापडली, तर 'हा दोष आजही दिसतो' एवढे तपासून लिहिणे हीसुद्धा मोठी मदत आहे. त्यासाठी संगणकाची भाषा यावी लागत नाही. उर्दू वाचता येणे पुरेसे आहे, आणि ते काम तुमच्याइतके चांगले कोण करील?

स्वाध्याय
१. जुन्या तक्रारी पडून राहिल्या, तर कोणते तोटे होतात?
२. 'तक्रार करणारा गप्प बसला, म्हणजे दोष गेला असे नाही.' हे वाक्य पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.
३. मराठीतील 'तक्रार' आणि उर्दूतील 'तकरार' यांच्या अर्थांत काय फरक आहे? असे आणखी दोन शब्द शोधा.
४. तुमच्या शाळेतील किंवा मोहल्ल्यातील एका दोषाविषयी पाच ओळींची तक्रार लिहा.