वजन कधी वाढवायचे, ते वहीला विचारा

संध्याकाळी वस्तीतल्या व्यायामशाळेत पोरांची गर्दी होते. शेजारच्याने रॉडला १० किलोची प्लेट लावली की आपणही लावायची, अशी चढाओढ चालते. उलट, वर्षभर ५ किलोचेच डंबेल उचलणारेही असतात. पहिल्याची कंबर धरते, दुसऱ्याची ताकद वाढत नाही. रोजच्या मजुरीवर घर चालते तिथे कंबर धरली की रोजी बुडते. म्हणून वजन कधी आणि किती वाढवायचे, हे आपण नीट समजून घेऊ.

शरीराला एखादा भार सवयीचा झाला की ते आणखी बळकट होत नाही. म्हणून भार वाढवावा लागतो, पण टप्प्याटप्प्याने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन लष्करातील डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी जखमी सैनिकांचे अशक्त झालेले स्नायू याच पद्धतीने बळकट केले आणि १९४५ साली ती लिहून मांडली.

मग घाई का नको? नव्याने व्यायाम सुरू केला की पहिल्या काही आठवड्यांत ताकद भराभर वाढते. ती मुख्यतः मज्जातंतू स्नायूंकडून चांगले काम करून घ्यायला शिकतात म्हणून. स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट दोर, म्हणजे कंडरा, मात्र सावकाश मजबूत होतात. हाताला वजन झेपले म्हणून खांदा तयार असतोच असे नाही.

नियम सोपा आहे. जे वजन नीट ८ वेळा उचलता येते, ते निवडा. मध्ये विश्रांती घेत ३ सेट करा. दर वेळी वहीत तारीख, वजन आणि किती वेळा उचलले ते लिहा. तिन्ही सेटमध्ये १२ वेळा जमू लागले आणि व्यायामाच्या लागोपाठ दोन दिवशी तसेच जमले, तरच वजन वाढवा. झटका देऊन, कंबर वाकवून किंवा दुसऱ्याने हात लावून उचललेले मोजू नका.

वाढ किती? आधीच्या वजनाच्या दहाव्या भागाहून जास्त नको. २५ किलोच्या रॉडला दोन्ही बाजूंनी सव्वा-सव्वा किलो पुरे. नव्या वजनाने पुन्हा ८ वेळाच जमेल. ती पीछेहाट नव्हे. डंबेलची अडचण वेगळी. ५ किलोनंतर थेट साडेसातचेच असेल, तर ती उडी दीडपट होते. तेव्हा आधी ५ किलोनेच १५ वेळांपर्यंत जा.

व्यायामशाळेत न जाणाऱ्या आपल्या माताभगिनींनाही हे जमेल. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. ५ लिटरच्या कॅनमध्ये ३ लिटर पाणी घ्या, नियम पूर्ण झाला की पाव लिटरचा एक पेला वाढवा. वयस्कर मंडळींनी हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठबस करावी. ती १२ वेळा सहज जमू लागली की थोडे पाणी भरलेला कॅन छातीशी धरावा.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करायला सांगते. दोन दिवसांच्या मध्ये किमान एक दिवस विश्रांती ठेवा. रात्रपाळी झाली असेल, ताप येऊन गेला असेल किंवा दिवसभर पोती वाहिली असतील, तर त्या दिवशी वजन वाढवू नका. गरज पडली तर कमी करा.

दुखणेही ओळखायला हवे. दुसऱ्या दिवशी स्नायू ठणकतात आणि दोन-तीन दिवसांत बरे होतात, ते साधे. सांध्यात कळ येत असेल तर तो व्यायाम थांबवा. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच दवाखाना गाठा. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, गरोदरपण किंवा नुकतेच झालेले ऑपरेशन असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. वजन उचलताना श्वास रोखू नका, सोडत राहा.

दोन रुपयांच्या पेनाने आणि जुन्या वहीने हे सगळे सुरू करता येते. शेजारी किती उचलतो ते त्या वहीत लिहायची गरज नाही.