बँडवर वाजणारा रेडिओ

माझी सगळी नोकरी सिग्नल कोअरमधली, त्यामुळे रेडिओचा विषय निघाला की मी लवकर थांबत नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलंय. आज रेडिओच्या जोडीला बँड आहे.

मी राहतो त्या चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये, रेडिओ फार लवकर आला. सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांच्या पुढाकाराने 1924 साली मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब निघाला आणि 31 जुलैला प्रक्षेपण सुरूही झालं. ट्रान्समीटर होता 40 वॅटचा. आपल्या जुन्या पिवळ्या बल्बएवढा म्हणा! पैसे संपले आणि 1927 मध्ये क्लबचा आवाज बंद पडला. पुढे 1930 मध्ये महापालिकेने आणि 1938 मध्ये ऑल इंडिया रेडिओने मद्रासमध्ये केंद्र चालू केलं. पण क्लबच्या त्या तीन वर्षांत जे गायलं-वाजवलं गेलं, ते थेट हवेत गेलं आणि विरलं.

त्या दिवसांवर आम्ही बँडसाठी सात मिनिटांची एक रचना जुळवतोय. आम्ही म्हणजे माझ्या ओळखीचे एक निवृत्त बँडमास्टर, त्यांचे नऊ जुने वादक आणि लुडबुड करणारा मी. मद्रासला हे नवीन नाही बरं का. मुत्तुस्वामी दीक्षितरांनी कंपनी सरकारच्या बँडच्या चालींवर संस्कृत रचना बांधल्या होत्या.

सुरुवात मोर्सने. 'सीक्यू', म्हणजे 'कोणीही ऐकत असाल तर बोला'. डा-डिट-डा-डिट, डा-डा-डिट-डा. साइड ड्रमवर डिट सोपा, एक टिपरू मारलं की झालं. पण डा लांब हवा आणि ड्रमचा आवाज तर लांबत नाही. म्हणून तिथे छोटा रोल द्यायचा. पहिल्या दिवशी मी ऐकलं तर आमचा ड्रमर भलतीच अक्षरं पाठवत होता!

मग स्टेशन लावणं. जुन्या सेटमध्ये व्हॉल्व्हमधून निघालेला सिग्नल थोडा परत त्याच व्हॉल्व्हला पाजत, म्हणजे दूरचं स्टेशन मोठ्याने ऐकू येई. तो जास्त पाजला की सेट स्वतःच शिट्टी घालू लागे, शेजाऱ्याच्या सेटमध्येसुद्धा. बटण फिरवताना ती शिट्टी खाली उतरते, नाहीशी होते, पुन्हा वर चढते. हे काम ट्रॉम्बोनचं. पितळी वाद्यांत सलग घसरत जाणं त्याच्या सरकत्या नळीलाच खरं जमतं. खरखरीसाठी झांजेवर ब्रश फिरवला.

आणि स्टेशन लागतं तेव्हा काय ऐकू यावं? आकाशवाणीची ती सकाळची धून आठवा. तिचं श्रेय सहसा वॉल्टर कॉफमन यांना देतात. हे ज्यू संगीतकार 1934 साली युरोपातून मुंबईला आले आणि तिथल्या रेडिओ केंद्रावर पाश्चात्त्य संगीत सांभाळू लागले. धून क्लबनंतरची आहे, हे कबूल. ती आम्ही उचललेली नाही, फक्त तिचा शिवरंजनी घेतला: सा, रे, कोमल ग, प, ध. बी फ्लॅटला सा धरला की क्लॅरिनेटवाले खूश.

अडलं ते तंबोऱ्यावर. त्या धुनेत व्हायोलिनच्या मागे तो अखंड चालतो. बँडमध्ये तार नाही, सगळा फुंकरीचा कारभार. सा-प युफोनियम आणि ट्यूबाला दिले, तर वीस सेकंदांत सगळ्यांचा श्वास एकदम संपायचा आणि मधे खड्डा पडायचा. यावर उपाय म्हणजे पाळीपाळीने श्वास घेणं. शेजारी फुंकत असताना आपण हळूच सोडायचं, श्वास भरायचा आणि आवाज न करता परत आत शिरायचं. त्याला चार माणसं लागतात. आमच्याकडे तीन आहेत, आणि त्यातल्या थोरल्याचं वय बहात्तर. गेल्या रविवारी पन्नास सेकंदांपर्यंत पोहोचलो. लागतात नव्वद.