सोडियम फ्लोराइड : गुणधर्म आणि निर्मिती

आधी एक खरी घटना. १८ नोव्हेंबर १९४२. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या सेलम शहरात, सरकारी मनोरुग्णालयात रात्रीच्या जेवणाला अंडी होती. अंड्यांत घालायची दुधाची पावडर आणायला एका रुग्णाला तळघरात पाठवलं. त्याने आणलेली पांढरी पूड दुधाची नव्हतीच. ते झुरळं मारायचं औषध होतं. २६३ जण आजारी पडले, ४७ दगावले. ती पूड म्हणजे सोडियम फ्लोराइड.

फसगत का झाली, ते गुणधर्मांवरून कळेल. रंग पांढरा, वास नाही. स्फटिकांची रचना थेट मिठासारखी. पण फ्लोराइड आयन क्लोराइडपेक्षा लहान, त्यामुळे सोडियमला जास्त घट्ट धरून बसतो. म्हणून मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं, तर याला सुमारे ९९३ अंश लागतात. १०० मिली पाण्यात मीठ सुमारे ३६ ग्रॅम विरघळतं, हे जेमतेम ४ ग्रॅम. द्रावण किंचित आम्लारिधर्मी असतं, आणि ते काचेला हळूहळू खातं, म्हणून प्लास्टिकच्या बाटलीत ठेवतात.

निर्मिती म्हणजे आपलं नेहमीचं उदासिनीकरण :

हायड्रोफ्लोरिक आम्ल + सोडियम हायड्रॉक्साइड → सोडियम फ्लोराइड + पाणी

आम्ल जास्त झालं तर सोडियम बायफ्लोराइड तयार होतं, तेव्हा प्रमाण सांभाळावं लागतं. हे समीकरण वहीत लिहायचं, करून बघायचं नाही! हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीतून आत शिरतं आणि कधी कधी वेदना काही तासांनी सुरू होतात. फॉस्फेट खतांच्या कारखान्यात उपपदार्थ म्हणून मिळणाऱ्या हेक्झाफ्लोरोसिलिसिक आम्लापासूनही सोडियम फ्लोराइड बनवतात.

आता मुख्य प्रश्न : हे विष काम कसं करतं? पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन तिथेच हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं, म्हणून आधी उलट्या आणि पोटात कळा. मग रक्तात गेलेला फ्लोराइड कॅल्शियमला पकडतो आणि न विरघळणारं कॅल्शियम फ्लोराइड बनतं. रक्तातलं कॅल्शियम घसरलं की स्नायू आखडतात, हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून रुग्णालयात अशा रुग्णाला कॅल्शियम देतात. प्रथमोपचारात दूधही चालतं, कारण दुधात कॅल्शियम असतं. सेलममध्ये जे आणायला पाठवलं होतं, तेच!

तरीही हा पदार्थ तुमच्या ओळखीचा आहे. रक्तातली साखर तपासताना राखाडी बुचाची नळी वापरतात ना? तिच्यात सोडियम फ्लोराइड असतं. ते रक्तपेशींतलं एनोलेज हे विकर थांबवतं, नाहीतर नळीतल्या पेशीच साखर खात बसतील आणि रिपोर्ट कमी येईल. पुष्कळशा टूथपेस्टमध्येही ते असतं, पण फ्लोराइडचं प्रमाण दर किलोला साधारण १ ग्रॅम. धाकट्या भावंडाला पेस्ट देताना मटारच्या दाण्याएवढीच द्या, आणि तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी.