टर्बो हवा की नको? आणि क्लचचं काय?

मैत्रिणींनो, घरात फ्रीज घ्यायचा ठरला तर आपण तो किती लिटरचा, भाजीचा खण केवढा, दार कुठल्या बाजूला उघडतं, इथपर्यंत चौकशी करतो. मिक्सर घेताना तर दुकानदाराला भांडं फिरवून दाखवायला लावतो. पण आठ-दहा लाखांची मोटार घरात यायची म्हटली, की आपल्यापर्यंत प्रश्न पोचतो तो एकच : "रंग कुठला घेऊ या?" बाकी सगळं यजमान, धाकटे दीर आणि यजमानांच्या ऑफिसातले कुणीतरी माहीतगार गृहस्थ मिळून ठरवून मोकळे होतात. इंजिन, टर्बो, गिअर या गोष्टी बायकांच्या नव्हेत, असं आपणही धरून चालतो.

आणि मग ती गाडी रोज चालवतं कोण? मुलांची शाळा, सासूबाईंचे डोळ्यांचे डॉक्टर, मंडई, बँक, संध्याकाळचा क्लास. पुष्कळ घरांत हे कंपनीच्या बसने जातात आणि दिवसभर गाडी असते आपल्या हातात. महामार्गावर ती धावते वर्षातून चार-सहा वेळा : गावची जत्रा, कुलदैवत, लग्नकार्य. म्हणजे निवड व्हायची त्या चार दिवसांसाठी आणि निभवायची आपण तीनशे दिवस! म्हणून गाडीच्या दुकानात जाण्याआधी हे दोन शब्द नीट समजून घ्या. वाटतं तितकं अवघड नाही.

चूल पेटवलेल्या बाईला तर टर्बो समजायला पाच मिनिटंही लागू नयेत. लाकडं तीच, चूल तीच. पण फुंकणीने वारा घातला की जाळ कसा भडकतो! इंजिनातही पेट्रोल जळायला हवा लागते आणि लहान इंजिनात ती कमीच मावते. टर्बो म्हणजे एका दांडीच्या दोन टोकांना बसवलेली दोन छोटी चाकं. एक चाक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतावर फिरतं, आणि त्याच्याबरोबर फिरणारं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणून जास्त ताकद. चुलीच्या धुरानेच फुंकणी चालवायची म्हणा ना! आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने या युक्तीचं पेटंट १९०५ साली घेतलं. ट्रकवर मोठ्या अक्षरांत 'टर्बो' लिहिलेलं आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा अशा गाड्यांमध्ये जे १२४८ सीसीचं डिझेल इंजिन होतं, तेही टर्बोच. नवं आहे ते एवढंच, की गेल्या दहाएक वर्षांत टर्बो लहान पेट्रोल गाड्यांतही सर्रास आला.

का आला, हे कळलं तर हसू येईल. करामुळे! २००६ सालच्या अर्थसंकल्पात लहान गाडीला करात सवलत मिळाली. लहान म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले तेव्हाही हीच मापं राहिली. त्यांच्या आत बसणाऱ्या गाडीवर १८ टक्के, बाहेरच्या पेट्रोल-डिझेल गाडीवर ४० टक्के. मग कंपन्यांनी काय करावं? इंजिन लहानच ठेवलं आणि त्याला फुंकणी जोडली. २०२० साली आलेल्या निसानच्या मॅग्नाइटचं उदाहरण घ्या. इंजिन दोन्ही प्रकारांत ९९९ सीसीचंच. पण साधं असेल तर ७२ अश्वशक्ती आणि टर्बो असेल तर १००.

आता शंभर आकडा ऐकून यजमानांचे डोळे चमकतात, ते साहजिक आहे. पण विचारायचं ते असं, की ही शंभर अश्वशक्ती मिळते कधी? धुराचा झोत जोरात असेल तेव्हा. इंजिन हळू फिरत असताना, म्हणजे मिनिटाला साधारण दीड हजार फेऱ्यांच्या खाली, फुंकणी जवळजवळ थंडच असते. शाळेच्या दारात, सिग्नलला, बाजारातल्या गर्दीत आपण नेमके तिथेच असतो. तेव्हा हे इंजिन जरा मरगळलेलं वाटतं, मग एकदम अंगात आल्यासारखं उसळतं. त्यातून गिअर हाताने टाकायचे असतील तर पहिला-दुसरा, दुसरा-पहिला करता करता जीव मेटाकुटीला येतो. माझं स्पष्ट मत सांगते : लहान टर्बो इंजिन आणि हाताचे गिअर ही जोडी मोकळ्या रस्त्यावर मजेची आहे, शहरातल्या बाईसाठी नाही. टर्बो घ्यायचाच असेल तर गिअर आपोआप पडणारी गाडी घ्या.

मायलेजचंही तसंच. जाहिरातीतला आकडा येतो अधिकृत चाचणीतून. पुण्याच्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही जी संस्था आहे, तिथे अशा चाचण्या होतात. त्यात गाडी रस्त्यावर नव्हे तर रुळांवर, ठरलेल्या वेगाने फिरवतात. तिथे ना रिक्षा आडवी येते, ना म्हैस. टर्बो गाडी शांतपणे चालवली तर खाते कमी. पाय दाबला की साध्या गाडीपेक्षा जास्त पिते. समजा, महिन्याला तुमची पाचशे किलोमीटर धाव आहे आणि गाडी सतराऐवजी चौदाचं ॲव्हरेज देते, तर महिन्याला सहा लिटर पेट्रोल वाढलं. घरखर्चाच्या वहीत हा आकडा आपणच मांडायचा असतो ना?

म्हणजे टर्बो वाईटच का? मुळीच नाही. तुमचं माहेर चिपळूणला आणि सासर कऱ्हाडला असेल, आणि पाच माणसं, सामान, वर एसी लावून कुंभार्ली घाट चढायचा असेल, तर टर्बोचे पैसे वसूल होतात. उंचावर हवा विरळ होते. दर हजार मीटरला साधं इंजिन सुमारे दहा टक्के ताकद गमावतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, तेव्हा पसरणी घाटात साधी गाडी धापा का टाकते ते ध्यानात येईल. टर्बो हवा कोंबून घेत असल्याने ती उणीव बरीचशी भरून काढतो. ट्रकला ओलांडून पुढे जाताना जो जोर लागतो तो चटकन मिळाला, तर ते नुसत्या हौसेचं नाही, सुरक्षिततेचंही काम आहे.

आता क्लचकडे वळू या. खरं सांगायचं तर बायकांच्या दृष्टीने टर्बोपेक्षा हाच प्रश्न मोठा. ड्रायव्हिंग लायसन काढून कपाटात ठेवलेल्या कितीतरी जणी तुमच्या ओळखीच्या असतील. चढावर गाडी मागे सरकली, मागून चार हॉर्न वाजले, घरी कुणीतरी चेष्टा केली, आणि गाडी सुटली ती सुटलीच. पुढे आयुष्यभर रिक्षाची वाट बघायची, नाहीतर "तुम्ही सोडाल का?" म्हणून विचारायचं. कुणाचा डावा गुडघा दुखतो, कुणाच्या कंबरेचा त्रास. अशांना क्लच नसलेली गाडी ही चैन नव्हे.

पण 'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली दुकानात चार निरनिराळ्या वस्तू विकतात, हे माहीत असू द्या.

सगळ्यांत स्वस्त ती एएमटी. कुठे तिला एजीएस म्हणतात, कुठे ईझी-आर. आपल्याकडे ती २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओतून आली. आतला गिअरबॉक्स नेहमीचाच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला एक यांत्रिक गडी ठेवलेला. साध्या गाडीपेक्षा साधारण पन्नास हजारांनी महाग आणि मायलेज जवळपास तेवढंच. गडी थोडा सावकाश आहे, गिअर बदलताना मान किंचित पुढे जाते. सवय होते त्याची.

सीव्हीटीत पायऱ्याच नसतात. एक पट्टा दोन कप्प्यांवर सरकत राहतो, जसा पंख्याचा नवा रेग्युलेटर टकटक न करता फिरतो. शहरात लोण्यासारखी चालते. जोरात पळवली तर आवाज आधी आणि वेग मागाहून. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे समोरासमोर ठेवलेले दोन पंखे : एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असतं, एवढाच फरक. जुनी, भरवशाची, मऊ चालणारी युक्ती. पेट्रोल थोडं जास्त लागतं. चौथी डीसीटी. दोघी जणी पोळ्या करायला बसल्या, एकीची तव्यावर असताना दुसरीची लाटून तयार, तसे तिचे दोन क्लच. गिअर बदललेला कळतसुद्धा नाही. पण तिच्या कोरड्या क्लचच्या प्रकाराला तासन् तास इंच-इंच सरकणारी वाहतूक मानवत नाही, तापते. आणि दुरुस्ती निघाली तर खर्च हात पोळणारा. सीव्हीटीपासून पुढचे तिन्ही प्रकार साध्या गिअरपेक्षा लाखाच्या आसपास, कधी त्याहूनही महाग पडतात.

माझ्या हिशेबाने रोज दहा-पंधरा किलोमीटर शहरात फिरणाऱ्या बाईला साधं इंजिन आणि एएमटी पुरे. हात थोडा सैल असेल तर सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर. वाचलेल्या पैशांतून सहा एअरबॅग असलेला प्रकार मिळत असेल तर तो आधी घ्या.

दुकानातली चाचणीची चक्कर स्वतः मारा. हे शेजारी बसू देत. सासूबाईंना मागे बसवा, एसी लावा आणि एखाद्या चढावर गाडी थांबवून पुन्हा काढून बघा. जमलं तर आपल्याच सोसायटीच्या अरुंद फाटकातून उलटी घालून पाहा. पायात मागे पट्टा नसलेली चप्पल नको.

गाडी घरी आल्यावर डावा पाय विसरून जा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, दोन्ही उजव्याच पायाने. डावा पाय क्लचच्या सवयीने खाली जातो आणि पडतो ब्रेकवर. मागचा येऊन आदळतो. एएमटी चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर तोलून धरू नका, क्लच जळतो, ब्रेक लावा. घाट उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे महाभाग प्रत्येक घरात एक तरी असतात. त्यांचं मुळीच ऐकू नका. सारा भार ब्रेकवर येऊन ते तापतात आणि ऐनवेळी धरत नाहीत. दांडी 'एम'वर घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, किंवा गाडीत 'एल' असेल तर तो वापरा.

टर्बो असेल तर तेलाच्या बाबतीत कंजूषपणा नको. आपला मिक्सर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतो. टर्बोचं चाक घेतं लाखाच्या वर, आणि तेही तापलेल्या धुरात, तेलाच्या पातळ थरावर तरंगत. कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलं आहे तेच तेल, सांगितलेल्या वेळेआधीच बदलून घ्या. लांबून, घाटातून आल्यावर लगेच किल्ली फिरवू नका. मुलं उतरेपर्यंत, पिशव्या काढेपर्यंत अर्धा-एक मिनिट इंजिन चालू राहू द्या.

आणि एक, बॅटरी उतरली तर ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही, शेजारची चार मुलं धावून आली तरी. डिकीत जंपर केबल ठेवा आणि ती कुठली कुठे लावायची ते एकदा गॅरेजवाल्याकडून शिकून घ्या. ओढून न्यायची पाळी आली तर दोरी बांधू देऊ नका; चारही चाकं वर घेणारी गाडी मागवा.